दिवंगत मराठी लेखकांच्या हस्तलिखित पत्रांचे संकलन : परंपरा, पद्धती आणि प्रश्न

प्रस्तावना

साहित्यिकाच्या वाङ्मयाचा अभ्यास करताना त्याचे प्रकाशित ग्रंथ हे प्रमुख साधन मानले जाते. परंतु ग्रंथ हा लेखकाने जाणीवपूर्वक समाजापुढे ठेवलेला असतो. पत्र एका विशिष्ट व्यक्तीला, विशिष्ट प्रसंगी लिहिलेले असते. ग्रंथाच्या निर्मितीमागील प्रेरणा, संपादक व प्रकाशक यांच्याशी झालेले व्यवहार, समकालीनांविषयीची मते, आर्थिक विवंचना, आजारपण, कौटुंबिक ओढाताण या सर्वांची नोंद अनेकदा केवळ पत्रांतूनच मिळते. म्हणूनच दिवंगत लेखकांच्या हस्तलिखित पत्रांचे संकलन हे वाङ्मयेतिहासाच्या दृष्टीने पायाभूत स्वरूपाचे कार्य ठरते.

मात्र या साधनाचे एक वैशिष्ट्य पुरेसे लक्षात घेतले जात नाही. हस्तलिखित, दैनंदिनी, टिपणवही या वस्तू लेखकाच्या घरी सापडतात. पत्र मात्र लिहून होताच लेखकाचे घर सोडते. लेखकाच्या घरी सापडतात ती इतरांनी त्याला लिहिलेली पत्रे. त्याची स्वतःची पत्रे नातेवाईक, मित्र, संपादक, प्रकाशक, विद्यार्थी आणि अनोळखी वाचक यांच्या घरी विखुरलेली असतात. पत्र टिकेल की नाही हे लेखकाच्या कीर्तीपेक्षा ते स्वीकारणाऱ्याच्या परिस्थितीवर अधिक अवलंबून असते. या विधानाच्या आधारे मराठीतील पत्रसंकलनाची परंपरा, संकलनाची पद्धती, जतन आणि त्यातील कायदेशीर व नैतिक प्रश्न यांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

मराठीतील पत्रसंकलनाची परंपरा

महाराष्ट्रात जुनी पत्रे गोळा करण्याचे काम प्रथम इतिहाससंशोधनाच्या गरजेतून सुरू झाले. १८७८ मध्ये काशिनाथ नारायण साने, जनार्दन बाळाजी मोडक प्रभृतींनी ‘काव्येतिहाससंग्रह’ हे मासिक सुरू केले आणि बखरी, काव्ये व ऐतिहासिक पत्रे छापण्यास प्रारंभ केला. मिरजेत शिक्षकाची नोकरी करणाऱ्या वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धन घराण्याच्या दप्तरातील कागद वाचून १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ प्रसिद्ध केला. वि. का. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला आणि मालेचे एकूण २२ खंड झाले. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. राजवाडे यांचे १९२६ मध्ये धुळे येथे निधन झाल्यावर त्यांच्या नावाने तेथे उभ्या राहिलेल्या संस्थेने त्यांचा संग्रह सांभाळला.

या संशोधकांनी घालून दिलेला मुख्य धडा असा, की पत्र शोधायचे तर ते ज्याच्याकडे गेले त्याच्या घरी जावे लागते. राजवाडे गावोगाव हिंडले ते याच कारणाने. जुन्या घराण्यांच्या माळ्यावर, बासनांत आणि रुमालांत बांधलेले कागद त्यांनी मिळेल तेथून मिळविले. घरमालकांचा संशय, हिश्श्यांचे वाद, वाळवी आणि पावसाची गळती या सर्व अडथळ्यांना त्या पिढीला तोंड द्यावे लागले.

आधुनिक काळातील लेखक व सार्वजनिक व्यक्ती यांच्या पत्रांकडे मात्र उशिरा लक्ष गेले. या संदर्भात ह. वि. मोटे यांचे कार्य उल्लेखनीय आहे. १९३३ मध्ये विभावरी शिरूरकर या टोपणनावाने लिहिलेला ‘कळ्यांचे निःश्वास’ हा संग्रह प्रसिद्ध करणाऱ्या या प्रकाशकाने उत्तरायुष्यात नामवंतांच्या पत्रांचे संकलन हाती घेतले. त्यातून ‘विश्रब्ध शारदा’ या ग्रंथाचा पहिला खंड १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला व पुढे आणखी खंड निघाले. एकाच लेखकाची पत्रे गोळा करण्याऐवजी एका कालखंडातील अनेक व्यक्तींची पत्रे एकत्र ठेवल्यामुळे त्या काळाचे सामाजिक व वाङ्मयीन चित्र उभे राहिले.

त्यानंतरचे महत्त्वाचे उदाहरण जी. ए. कुलकर्णी (१९२३–१९८७) यांचे होय. धारवाडला राहून इंग्रजीचे अध्यापन करणारे आणि साहित्यिक मेळाव्यांपासून दूर राहणारे हे कथाकार पत्रांतून मात्र मोकळेपणाने बोलत असत. त्यांच्या निधनानंतर त्यांच्या निवडक पत्रांचे चार खंड प्रसिद्ध झाले. पहिल्या खंडात सुनीता देशपांडे यांना लिहिलेली पत्रे आहेत. सुनीताबाईंनी जी.एं.ना लिहिलेली पत्रे २००३ मध्ये ‘प्रिय जी.ए.’ या स्वतंत्र पुस्तकातून वाचकांसमोर आली. एकाच पत्रव्यवहाराच्या दोन बाजू अशा दोन ग्रंथांतून प्रकट झाल्या. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून तारखांच्या क्रमाने वाचली, तरच प्रश्न आणि उत्तर यांची संगती लागते.

प्राप्तकर्ता आणि पत्राचे आयुष्य

पत्राच्या आयुष्यावर प्राप्तकर्त्याच्या परिस्थितीचा परिणाम कसा होतो, हे एकोणिसाव्या शतकातील दोन स्त्रियांच्या उदाहरणावरून स्पष्ट होते.

सावित्रीबाई फुले यांनी जोतीराव फुले यांना लिहिलेली तीन पत्रे ‘सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय’ (संपादक : मा. गो. माळी, १९८८) या ग्रंथात समाविष्ट आहेत. पहिले पत्र १० ऑक्टोबर १८५६ चे, माहेरी नायगावहून लिहिलेले आहे. आजारपणात माहेरी गेलेल्या सावित्रीबाई महार-मांगांना शिकविण्याच्या कामावरून भावाशी झालेला वाद त्यात कळवितात. दुसरे २९ ऑगस्ट १८६८ चे. ब्राह्मण तरुण आणि महार तरुणी यांच्या प्रेमसंबंधामुळे खवळलेल्या जमावापासून त्या दोघांचा जीव कसा वाचविला, याची हकिकत त्यात आहे. तिसरे पत्र २० एप्रिल १८७७ चे, जुन्नर तालुक्यातील ओतूरहून लिहिलेले असून दुष्काळनिवारणाच्या कामाची माहिती देते. या तीन पत्रांच्या दरम्यान सुमारे साडेवीस वर्षांचा काळ आहे. एवढ्या दीर्घ काळातील सावित्रीबाईंच्या मनाचा आणि कार्याचा त्यांच्याच शब्दांतील पत्ररूप पुरावा या तीन पत्रांपुरता आहे. त्यांच्या आधारावर एकोणिसाव्या शतकातील स्त्रीशिक्षण, जातिव्यवस्था आणि दुष्काळ या तिन्ही विषयांचे आकलन बदलते. ही तीन पत्रे हरवली असती तर इतिहासातील किती मोठी जागा रिकामी राहिली असती, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांची स्थिती निराळी आहे. ‘स्त्रीधर्मनीति’ची ही लेखिका १८८३ मध्ये इंग्लंडला गेली. तेथे वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनीसंघातील सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयाच्या प्रमुख डॉरोथिया बील यांच्याशी त्यांचा दीर्घ इंग्रजी पत्रव्यवहार झाला. धर्ममतांविषयीचे स्वातंत्र्य आणि सदसद्विवेकाचा अधिकार हा त्यातील मुख्य विषय. सिस्टर जेराल्डिन यांनी ही पत्रे संकलित केली आणि महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादकत्वाखाली ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. येथे प्राप्तकर्ता ही कागद जपण्याची शिस्त असलेली संस्था होती. त्यामुळे एक संपूर्ण ग्रंथ भरेल इतकी पत्रे टिकली. त्याच वेळी अभ्यासकाने हेही लक्षात ठेवले पाहिजे, की सिस्टर जेराल्डिन स्वतःच त्या वादातील एक बाजू होत्या. संकलनकर्त्याची भूमिका संग्रहाच्या घडणीत उतरतेच.

कधीकधी पत्र टिकते ते वृत्तपत्रामुळे. १८८५ च्या मराठी ग्रंथकार सभेच्या निमंत्रणाला जोतीराव फुले यांनी दिलेले उत्तर ‘ज्ञानोदय’च्या ११ जून १८८५ च्या अंकात छापले गेले. त्यामुळेच ते सर्वांपर्यंत पोहोचले. म्हणून जुन्या नियतकालिकांतील पत्रव्यवहाराची सदरे चाळणे हेही संकलनाचेच एक अंग होय.

संकलनाची पद्धती

वरील विवेचनावरून संकलनाची सुरुवात प्राप्तकर्त्यांच्या यादीपासून करावी, हे उघड आहे. लेखकाला आलेली पत्रे हाती लागली तर ती पाठविणाऱ्यांची नावे व पत्ते हीच पहिली यादी होते, कारण ज्याने पत्र पाठविले त्याला बहुधा उत्तर गेलेले असते. त्याखेरीज अर्पणपत्रिका, प्रस्तावनेतील ऋणनिर्देश, दिवाळी अंकांचे संपादक, प्रकाशनसंस्थांच्या फायली आणि लेखकाने नोकरी केलेल्या शाळा-महाविद्यालयांची दप्तरे हे शोधाचे मार्ग आहेत. संपादकांच्या फायलींना विशेष मोल आहे. १९८२ मध्ये बंद पडलेल्या ‘सत्यकथे’सारख्या मासिकाचे संपादक लेखकाला सूचना करीत आणि लेखक त्यावर उत्तर देत. कथेचा पहिला खर्डा आणि छापील रूप यांमधील प्रवास अशा पत्रांतूनच उलगडतो.

पत्र मिळाल्यावर त्याची नोंद कशी करावी, हा पुढचा प्रश्न. पत्र कोणाकडून, कोणत्या घरातून, कोणत्या गठ्ठ्यातून मिळाले याची नोंद मजकुराइतकीच महत्त्वाची असते. गठ्ठ्यातील मूळ क्रम उतावळेपणाने बदलू नये. प्राप्तकर्त्याने पत्रे ज्या क्रमाने ठेवली त्यातून तारीख नसलेल्या पत्राचा काळ कळू शकतो. पाकीट कधीही टाकून देऊ नये, कारण टपालाचा शिक्का त्यावरच असतो. भारतात १ जुलै १८७९ पासून सुरू झालेले पाव आण्याचे पोस्टकार्ड या दृष्टीने संकलकाचे मोठे साहाय्यक ठरते. त्यावर मजकूर, पत्ता आणि शिक्का एकाच तुकड्यावर असल्याने ते आपली तारीख सोबत घेऊन येते. १९५० मध्ये सुरू झालेल्या आंतर्देशीय पत्राचेही तसेच आहे.

कालनिश्चितीसाठी मजकुराच्या आतील पुरावाही तपासावा लागतो. जुन्या पत्रांत अनेकदा केवळ तिथी, महिना व वार असतो, वर्ष नसते. शक असल्यास त्यात सामान्यतः ७८ मिळवून इसवी सन काढता येतो. मात्र पौषापासून फाल्गुनापर्यंतच्या तिथींबाबत बहुधा ७९ मिळवावे लागतात. वर्ष नसल्यास तिथी आणि वार यांचा मेळ जंत्रीवरून पाहावा लागतो. मायना हाही पुरावाच असतो. ‘तीर्थरूप’, ‘चिरंजीव’, ‘गंगाभागीरथी’, ‘सौभाग्यवती’ या शब्दांवरून लिहिणाऱ्याचे नाते आणि प्राप्तकर्त्याची त्या वेळची कौटुंबिक स्थिती कळते. एखाद्या स्त्रीच्या नावामागील ‘सौ.’ जाऊन ‘गं. भा.’ आले असेल, तर ते पत्र पतीच्या निधनानंतरचे, हे निश्चित होते. सावित्रीबाईंनी पतीला लिहिताना सत्याशी जोडलेले संबोधन वापरले आहे. मायना वगळून केवळ मजकूर छापणारा संपादक असा अर्थपूर्ण तपशील गमावून बसतो.

लिपी आणि लेखनपद्धती यांचा प्रश्न मराठीपुरता विशेष आहे. एकोणिसाव्या शतकातील व विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील खाजगी पत्रे पुष्कळदा मोडीत असतात. मोडी वाचणारे उत्तरोत्तर विरळ होत चालले आहेत. म्हणून मोडी पत्राचे लिप्यंतर करताना मूळ पत्राचे छायाचित्र सोबत ठेवणे अनिवार्य मानावे. देवनागरी पत्रांबाबत निराळी दक्षता हवी. १९६२ च्या शुद्धलेखनविषयक नियमांपूर्वी ‘नांव’, ‘कांहीं’, ‘घरीं’ अशी अनुच्चारित अनुस्वारांसह लिहिण्याची रीत होती. संपादकाने हे अनुस्वार गाळून पत्र आधुनिक केले, तर वाचन सुलभ होते. परंतु लेखकाची लेखनसवय आणि कालनिश्चितीचा एक दुवा दोन्ही नाहीसे होतात. मूळ लेखन जसेच्या तसे ठेवून स्पष्टीकरण तळटीपेत देणे हाच योग्य मार्ग होय.

जतन

पत्रांच्या टिकाऊपणाविषयी सर्वसामान्य समजूत अशी, की जितके जुने तितके जीर्ण. प्रत्यक्षात अनेकदा याच्या उलट अनुभव येतो. पेशवाईतील पत्रे चिंध्यांच्या लगद्यापासून केलेल्या हातकागदावर, बोरूने व काजळाच्या शाईने लिहिलेली असत. हा कागद चिवट असून काजळाची शाई प्रकाशाने फिकी पडत नाही. याउलट एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून प्रचारात आलेल्या लाकडाच्या लगद्याच्या कागदात आम्लता असते. असा कागद पिवळा पडून ठिसूळ होतो. हिराकसयुक्त शाई कागदाला खाते, तर फाउंटनपेनची रंगीत शाई पाण्याच्या एका थेंबाने पसरते. म्हणजेच आधुनिक लेखकांची पत्रे शिवकालीन कागदांपेक्षा अधिक तातडीने जपण्याची गरज आहे.

घरगुती पातळीवर पुढील दक्षता पुरेशी उपयुक्त ठरते. टाचण्या, पिना व रबर काढून टाकावेत, कारण लोखंडाचा गंज कागदात उतरतो. फाटलेल्या पत्राला चिकटपट्टी लावू नये. उष्णतेने प्लॅस्टिकमध्ये बंद करण्याची, सर्वत्र ‘लॅमिनेशन’ म्हणून ओळखली जाणारी प्रक्रिया मूळ पत्रावर कदापि करू नये, कारण ती पुन्हा उलटविता येत नाही. नोंद करावयाची झाल्यास मऊ पेन्सिलीने कोपऱ्यात करावी. पत्रे उलगडून, आम्लरहित कागदाच्या पाकिटात, दमट भिंतीपासून दूर ठेवावीत. कसर व वाळवी यांसाठी ठराविक काळाने पाहणी करावी. कोकणासारख्या दमट प्रदेशात पावसाळ्यानंतरची पाहणी विशेष आवश्यक असते. छायांकन करताना पत्राच्या दोन्ही बाजू, कोरी पाठ आणि पाकीट यांचीही प्रतिमा घ्यावी.

संगणकीय प्रतिमा उपलब्ध झाल्यामुळे मूळ पत्राची गरज संपली, असे मात्र मानता येत नाही. कागदाची जात, पाणचिन्ह, घड्या, शाईचा दाब या गोष्टी प्रतिमेत पूर्णतः उतरत नाहीत. वादग्रस्त पत्राची सत्यता तपासताना याच गोष्टी निर्णायक ठरतात.

कायदेशीर आणि नैतिक प्रश्न

पत्राच्या बाबतीत मालकी दुहेरी असते. कागद प्राप्तकर्त्याचा, परंतु मजकुरावरील हक्क लेखकाचा व त्याच्या पश्चात त्याच्या वारसांचा. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या वाङ्मयाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. जे वाङ्मय लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथम प्रसिद्ध होते, त्याबाबत ही ६० वर्षे प्रकाशनापासून मोजली जातात. बहुसंख्य खाजगी पत्रे या दुसऱ्या प्रकारात मोडतात. त्यामुळे पत्र बाळगणाऱ्याला ते जपण्याचा किंवा संस्थेला देण्याचा अधिकार असला, तरी छापण्यासाठी लेखकाच्या वारसांची संमती घ्यावी लागते. सार्वजनिक ग्रंथालयात किंवा संग्रहालयात ठेवलेल्या अप्रकाशित लेखनाचा संशोधनासाठी उपयोग करण्याबाबत कायद्यात काही सवलत आहे. परंतु लेखक ज्ञात असल्यास त्याच्या मृत्यूला ६० वर्षांहून अधिक काळ लोटलेला असावा, अशी अट आहे.

१९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यानुसार ऐतिहासिक वा वाङ्मयीन मूल्य असलेले, किमान ७५ वर्षे जुने हस्तलिखित वा दस्तऐवज पुरावस्तू ठरतो. खाजगी व्यक्तीला तो देशाबाहेर नेता येत नाही. परंतु देशाबाहेर आधीच गेलेल्या पत्रांना हे संरक्षण लाभत नाही. महात्मा गांधींनी हर्मन कॅलनबाख यांना लिहिलेल्या पत्रांसह तो संपूर्ण संग्रह २०१२ मध्ये लंडनच्या सॉथबीजमध्ये लिलावास निघाला असता भारत सरकारने तो लिलावापूर्वीच खरेदी केला. प्रत्येक लेखकाच्या पत्रांसाठी शासन असा खर्च करू शकणार नाही, हे उघड आहे.

नैतिक प्रश्न याहून नाजूक आहेत. पत्र विश्वासाने लिहिलेले असते आणि त्यात तिसऱ्या व्यक्तीविषयी कठोर मते असू शकतात. ती व्यक्ती किंवा तिची मुले हयात असतील तर काय करावे? पत्र नष्ट करणे हा उपाय नव्हे. ठराविक मुदतीपर्यंत पत्र बंद ठेवण्याची अट घालून ते संस्थेकडे सोपविणे हा सुरक्षित मार्ग आहे. छापताना मजकूर वगळला असेल, तर वगळलेली जागा चिन्हाने दाखविणे हे संपादकाचे कर्तव्य होय. ‘निवडक पत्रे’ या नावातील ‘निवडक’ हा शब्द अभ्यासकाने नेहमी लक्षपूर्वक वाचला पाहिजे. निवड कोणी, कोणत्या निकषावर केली आणि उरलेली पत्रे कोठे आहेत, याची माहिती प्रस्तावनेत असणे इष्ट असते.

संस्थांची आणि महाविद्यालयांची भूमिका

पत्र हे साधन ग्रंथालय आणि अभिलेखागार यांच्या सीमेवर पडते. ग्रंथालय ग्रंथ जमविते, तर अभिलेखागाराचा भर शासकीय कागदपत्रांवर असतो. २००३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पांडुलिपी अभियानाचा भरही मुख्यतः प्राचीन ग्रंथांच्या पोथ्यांवर राहिला. परिणामी तालुक्याच्या गावी राहिलेल्या कवीची, ग्रामीण शिक्षक-लेखकाची किंवा दलित व स्त्री लेखिकांची पत्रे कोणत्याच व्यवस्थेत सहजपणे सामावली जात नाहीत. या लेखकांचे प्राप्तकर्तेही बहुधा सामान्य कुटुंबांतील, लहान घरांत राहणारे, वारंवार स्थलांतर करणारे असतात. जुने घर पाडताना किंवा वाटणी होताना कागदांचा गठ्ठा रद्दीत जातो.

येथे महाविद्यालयांना काम करता येण्यासारखे आहे. त्यासाठी मूळ पत्रे ताब्यात घेण्याचा आग्रह धरण्याचे कारण नाही. ‘महात्मा गांधींचे संकलित वाङ्मय’ या १९५८ ते १९९४ या काळात इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या १०० खंडांच्या मालेत पत्रांचा वाटा फार मोठा आहे. देशोदेशीच्या प्राप्तकर्त्यांकडील पत्रांच्या छायाप्रती या कामी उपयोगी पडल्या. त्याच धर्तीवर मराठी विभागाने आपल्या तालुक्यातील दिवंगत लेखकांची यादी करावी, विद्यार्थ्यांच्या साहाय्याने प्राप्तकर्त्यांचा शोध घ्यावा, लेखी संमतीने पत्रांचे छायांकन करून मूळ पत्रे मालकाला परत करावीत आणि एक सूची तयार करावी. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पासाठी हा विषय सर्वथा योग्य आहे. वासुदेवशास्त्री खरे यांनी शिक्षकाची नोकरी सांभाळून असेच कार्य केले होते.

निष्कर्ष

१. लेखकाची पत्रे त्याच्या घरी नसून प्राप्तकर्त्यांकडे असतात; त्यामुळे पत्रसंकलन हा मूलतः प्राप्तकर्त्यांचा शोध आहे.

२. ज्या लेखकांचे प्राप्तकर्ते संस्था किंवा सुस्थित कुटुंबे होती, त्यांची पत्रे अधिक टिकली. उपलब्ध पत्रांच्या संख्येवरून लेखकाचे महत्त्व ठरविणे त्यामुळे दिशाभूल करणारे आहे.

३. पाकीट, शिक्का, मायना, अनुस्वार आणि गठ्ठ्यातील क्रम हे पत्राचेच भाग आहेत. संपादनात त्यांचे जतन व्हावे.

४. लाकडाच्या लगद्याच्या कागदावरील विसाव्या शतकातील पत्रे सर्वाधिक धोक्यात आहेत.

५. कागदाची मालकी आणि मजकुराचा हक्क वेगळे असल्याने संकलनाच्या वेळीच लेखी संमती घेणे आवश्यक आहे.

भ्रमणध्वनी आणि संगणक यांच्या प्रसारानंतर हस्तलिखित पत्राची प्रथा जवळजवळ संपुष्टात आली. त्यामुळे या साधनात आता नवी भर पडणार नाही; जे आहे त्यात घटच होत जाणार आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लेखकांकडून पत्रे आलेले अनेक वाचक, संपादक आणि विद्यार्थी आज वृद्धापकाळात आहेत. त्यांच्या हयातीत पत्रांसोबतची स्मृतीही नोंदविता येते. त्यांच्या पश्चात पत्रातील ‘तो’ आणि ‘ती’ कोण, हे सांगणारे कोणी उरत नाही. म्हणून ही सूची करण्याचे काम मराठीच्या अभ्यासकांनी याच पिढीत हाती घेणे अगत्याचे आहे.